मानवी जीनोम संशोधन आणि नैतिकता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जनुकीय संशोधनासाठी रक्त किंवा लाळ मागितली गेली की काही जण "विज्ञानाचं काम आहे" म्हणून न वाचता सही करतात. काही जण "आपला डीएनए परक्याच्या हाती कशाला?" म्हणून तिथल्या तिथे नकार देतात. दोघांचेही प्रश्न विचारायचे राहून जातात. ते प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. हा कायदेशीर सल्ला नाही. जिथे माझं मत आहे, तिथे ते मत म्हणूनच लिहिलं आहे.

रक्तातली साखर तपासतात, तसंच हेही तपासणं. यात वेगळं काय?

साखरेचा आकडा आजचा असतो. पुढच्या महिन्यात तो बदलतो, आणि तो फक्त तुमच्याबद्दल बोलतो. जीनोम म्हणजे पेशीतल्या डीएनएची सुमारे ३ अब्ज अक्षरजोड्यांची पूर्ण मांडणी. ती जन्मभर जवळपास तशीच राहते. तिचा निम्मा भाग आईकडून आलेला असतो, निम्मा वडिलांकडून, आणि तुमच्या प्रत्येक मुलाकडे त्यातला निम्मा गेलेला असतो. शिवाय आज ज्या अक्षरांचा अर्थ कुणालाच लागत नाही, त्यांचा दहा वर्षांनी लागू शकतो. त्यामुळे नमुना देताना आपण नेमकं काय दिलं, हे त्या दिवशी संशोधकही पूर्णपणे सांगू शकत नाही.

शास्त्रज्ञांना याची कल्पना आधीपासून होती. १९९० मध्ये मानवी जीनोम प्रकल्प सुरू झाला, तेव्हाच त्याच्या अमेरिकी निधीतला एक हिस्सा नैतिक, कायदेशीर आणि सामाजिक परिणामांच्या अभ्यासासाठी बाजूला काढला गेला. सुरुवातीला तो ३ टक्के होता, पुढे ५ टक्के झाला.

नमुना माझा, संमती माझी. मग घरच्यांचा संबंध कुठे येतो?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मला हाच वाटतो, कारण पुढचे बहुतेक प्रश्न यातूनच निघतात. संमतिपत्रावर सही एकाची असते, पण माहिती अनेकांची जाते.

आइसलँडमध्ये १९९८ साली कायदा झाला. सगळ्या देशाच्या आरोग्यनोंदी एका डेटाबेसमध्ये आणायच्या, आणि तो चालवण्याचा परवाना एका खासगी कंपनीला द्यायचा. कुणी नकार कळवला नाही, तर त्याची संमती आहे असं धरायचं. एका तरुणीने आपल्या दिवंगत वडिलांच्या नोंदी त्यात जाऊ नयेत अशी मागणी केली. मेलेल्या माणसाच्या वतीने नकार देता येत नाही, असं उत्तर तिला मिळालं. ती न्यायालयात गेली. २००३ मध्ये आइसलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की वडिलांच्या आनुवंशिक गुणांवरून मुलीबद्दल अनुमान काढता येतं, म्हणून या नोंदींशी तिचा स्वतःचा संबंध आहे. तो डेटाबेस पुढे कधी उभाच राहिला नाही.

म्हणून प्रत्येक नातेवाइकाची लेखी परवानगी घ्या, असं कुणी म्हणत नाही. तसं केलं तर संशोधनच थांबेल. पण नमुना देण्याआधी घरात बोलावं, एवढं मी आवर्जून सांगेन. विशेषतः कुटुंबात एखादा आनुवंशिक आजार असेल, तर नक्कीच.

संमतिपत्रावर सही झाली, म्हणजे सगळं नियमात बसलं ना?

कागदावर बसलं. पण सही करणाऱ्याला जे समजलं आणि संशोधकाच्या मनात जे होतं, त्यात किती अंतर आहे हे सहीवरून कळत नाही.

अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमध्ये राहणारी हवासुपाई ही छोटी जमात. तिच्यात मधुमेहाचं प्रमाण फार होतं. १९९० पासून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी तिथे रक्ताचे नमुने घेतले. लोकांना वाटलं, हे मधुमेहासाठी आहे. संमतिपत्रात मात्र वर्तनविषयक आणि वैद्यकीय विकारांच्या कारणांचा अभ्यास, अशा अर्थाचे ढगळ शब्द होते. त्याच नमुन्यांवर पुढे स्किझोफ्रेनियाचा अभ्यास झाला. रक्तसंबंधातल्या विवाहांचं प्रमाण मोजलं गेलं. जमातीचे पूर्वज कुठून स्थलांतर करून आले, हेही तपासलं गेलं. हवासुपाईंच्या परंपरेनुसार त्यांचा उगम त्या दरीतच झाला आहे. आपल्या श्रद्धेच्या मुळावर येणाऱ्या अभ्यासासाठी आपण रक्त दिलं होतं, हे त्यांना २००३ मध्ये कळलं. २०१० साली तडजोड झाली. ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर मिळाले, आणि उरलेले नमुने परत आले.

कुणाच्या शरीराला इथे इजा झाली नाही. तरीही लोक दुखावले गेले, त्यांचा विश्वास गेला. संशोधनातली हानी फक्त शारीरिक असते असं धरून चालणाऱ्यांनी हे प्रकरण नीट वाचायला हवं.

मग 'व्यापक संमती' घेणंच चूक आहे का?

नाही. व्यापक संमती म्हणजे भविष्यातल्या, आज न ठरलेल्या अभ्यासांनाही आधीच दिलेली परवानगी. यूके बायोबँकेत, म्हणजे संशोधनासाठी नमुने आणि आरोग्यमाहिती साठवणाऱ्या ब्रिटनमधल्या संस्थेत, सुमारे ५ लाख लोकांनी अशी संमती दिली आहे. त्यातून हृदयविकारापासून स्मृतिभ्रंशापर्यंत असंख्य आजारांवर काम चाललं आहे. प्रत्येक नव्या अभ्यासासाठी ५ लाख लोकांना पुन्हा विचारत बसणं शक्य नाही, आणि खूप जणांना ते नकोही असतं.

प्रश्न असतो तो पुढच्या जबाबदारीचा. आज न ठरलेल्या अभ्यासाला उद्या हो की नाही म्हणणारी समिती कोणती? तिच्यात संशोधकांखेरीज कुणी आहे का? चाललेल्या अभ्यासांची माहिती नमुना देणाऱ्यांना मिळत राहते का? या तिन्हींची बरी उत्तरं असतील, तर व्यापक संमती मला मान्य आहे. नसतील, तर तो सही केलेला कोरा चेक आहे. काही प्रकल्पांत आता सहभागी व्यक्ती ऑनलाइन खात्यातून आपले पर्याय वेळोवेळी बदलू शकते. माझ्या मते या कामाला हेच वळण लागायला हवं.

नाव काढून टाकलं की ओळख पटत नाही, असं सांगतात. खरं आहे का?

असं ठामपणे सांगणारा संशोधक भेटला तर सावध व्हा.

२००८ मध्ये एका अभ्यासाने दाखवलं, की शेकडो लोकांची आकडेवारी एकत्र मिसळून प्रसिद्ध केली, तरी एखाद्या माणसाचा डीएनए हाती असेल तर तो त्या गटात होता का, हे शोधता येतं. गट एखाद्या आजाराच्या रुग्णांचा असेल, तर तेवढ्यावरून त्याचा आजारही कळला. त्यानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने असे एकत्रित आकडे खुल्या वेबसाइटवरून काढून घेतले. २०१३ मध्ये जनुकशास्त्रज्ञ यानिव अर्लिख यांच्या गटाने आणखी पुढची गोष्ट केली. वाय गुणसूत्र वडिलांकडून मुलाकडे जातं, आणि अनेक समाजांत आडनावही तसंच जातं. हा धागा धरून, वंशावळीच्या वेबसाइट आणि उघड उपलब्ध वय व राज्य यांच्या मदतीने, त्यांनी निनावी जीनोममागचे जवळपास ५० लोक शोधून काढले. हॅकिंग असं काही करावंच लागलं नाही.

अर्लिख यांच्याच २०१८ च्या अभ्यासानुसार, सुमारे १३ लाख लोकांच्या वंशावळ डेटाबेसमध्ये युरोपीय मूळ असलेल्या ६० टक्के अमेरिकनांचा खापरपणजोबा समान असलेला किमान एक दूरचा नातेवाईक किंवा त्याहून जवळचा कुणीतरी सापडेल. म्हणजे तुम्ही स्वतः कधीच नमुना दिला नसला, तरी तुमच्यापर्यंत पोहोचता येतं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात अनेक दशकं न सापडलेला खुनी पोलिसांनी याच मार्गाने पकडला. त्याच्या दूरच्या नातेवाइकांनी आपले पूर्वज शोधण्यासाठी डीएनए माहिती दिली होती. तो पकडला गेला याचं समाधान वाटतं. पण एका कारणासाठी दिलेली माहिती दुसऱ्याच कारणासाठी वापरली गेली, हेही नाकारता येत नाही.

प्रामाणिक संमतिपत्रात म्हणूनच "ओळख कधीच पटणार नाही" असं नसतं. "ओळख पटण्याची शक्यता कमी आहे, पण शून्य नाही, आणि ती कमी ठेवण्यासाठी आम्ही हे हे करतो" असं असतं.

एवढा धोका आहे, तर डेटा कुलूपबंद का ठेवत नाहीत?

कारण कुलपामुळेही माणसं मरतात. दुर्मिळ आजार असलेल्या मुलाचं निदान अनेकदा तेव्हाच होतं, जेव्हा जगाच्या दुसऱ्या टोकाला तसाच जनुकीय बदल असलेलं दुसरं मूल सापडतं. दोन्ही डेटा आपापल्या तिजोरीत राहिले, तर दोन्ही कुटुंबं वर्षानुवर्षं उत्तराविना फिरत राहतात. १९९६ मध्ये बर्म्युडात जमलेल्या जीनोम शास्त्रज्ञांनी वाचलेला क्रम २४ तासांच्या आत जगासाठी खुला करायचं ठरवलं, तेव्हा त्यामागे हीच तळमळ होती.

आज मधला मार्ग रूढ आहे. माहिती संशोधकांना मिळते, पण अर्ज करून, हेतू सांगून आणि करार करून. अलीकडे काही ठिकाणी डेटा बाहेर पाठवतच नाहीत. संशोधकानेच सुरक्षित संगणकीय व्यवस्थेत येऊन काम करायचं आणि फक्त निष्कर्ष घेऊन जायचे. मला ही पद्धत जास्त विश्वासाची वाटते.

नंतर मन बदललं तर?

कधीही बाहेर पडता येतं, आणि त्यासाठी कारण द्यावं लागत नाही. नमुना नष्ट करता येतो, पुढचा वापर थांबवता येतो. पण झालेल्या अभ्यासातून आणि इतरांना पाठवलेल्या डेटातून तुम्हाला वेगळं काढणं बहुधा जमत नाही. ही मर्यादा सहीच्या आधी सांगणं संशोधकांचं काम आहे.

संशोधनात माझ्याबद्दल काही गंभीर आढळलं, तर मला सांगतील का?

हे प्रकल्पावर अवलंबून आहे, म्हणून आधीच विचारा. काही मोठ्या बायोबँका वैयक्तिक जनुकीय निष्कर्ष कळवतच नाहीत. यूके बायोबँक त्यांपैकी एक. रुग्णालयातल्या तपासणीची गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या वैद्यकीय आनुवंशिकी तज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये ५६ जनुकांची यादी काढली. दुसऱ्याच कारणासाठी जीनोम तपासताना यांत धोकादायक बदल दिसला, तर तो कळवावा, अशी शिफारस केली. स्तन आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाशी संबंधित बीआरसीए जनुकं त्यात आहेत. निवडीचं सूत्र असं, की कळल्यावर काहीतरी उपाय करता आला पाहिजे. पहिल्या शिफारशीत रुग्णाला नकाराची मुभा नव्हती. त्यावर बरीच टीका झाली आणि पुढच्या वर्षी ती मुभा दिली गेली.

टीका योग्यच होती. जाणून घेण्याचा हक्क आहे, तसाच न जाणण्याचाही आहे. हंटिंग्टन या मेंदूच्या आजाराचं जनुक १९९३ मध्ये सापडलं. आई किंवा वडिलांना तो असेल, तर मुलाला होण्याची शक्यता निम्मी असते, आणि तो पूर्ण थांबवणारा उपचार अजून नाही. चाचणी उपलब्ध असूनही धोका असलेले बहुसंख्य लोक ती करून घेत नाहीत. याला कुणी भित्रेपणा म्हणू नये. कुठल्या ओझ्यासह जगायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं.

आणि एक सावधगिरी. संशोधनाच्या प्रयोगशाळेतला निष्कर्ष म्हणजे निदान नव्हे. वैद्यकीय प्रयोगशाळेत पुन्हा तपासून आणि आनुवंशिकी समुपदेशकाशी बोलूनच पुढचं पाऊल उचला. शस्त्रक्रियेसारखा निर्णय असेल, तर हे अटळ आहे.

मला कळलं, पण बहिणीला सांगायचं नाही असं मी ठरवलं तर? डॉक्टर तिला सांगू शकतात का?

इथे सरळ उत्तर नाही. इंग्लंडमध्ये एका माणसाला हंटिंग्टन असल्याचं निदान झालं. मुलींना सांगायला त्याने डॉक्टरांना मनाई केली. त्यांपैकी एक तेव्हा गरोदर होती. तिला हे नंतर कळलं, आणि तिच्यातही तोच जनुकीय बदल निघाला. २०२० मध्ये न्यायालयाने तिचा दावा फेटाळला. पण अशा वेळी रुग्णाची गोपनीयता आणि नातेवाइकाचं हित यांची तुलना करून पाहणं हे डॉक्टरांचं कायदेशीर कर्तव्य ठरू शकतं, हेही न्यायालयाने मान्य केलं.

माझ्या अनुभवात 'सांगायचं नाही' यामागे वैर क्वचित असतं. बहुतेकदा कसं सांगावं ते सुचत नाही, किंवा आपणच आजार दिला अशी अपराधी भावना असते. चांगला समुपदेशक यातून वाट काढतो.

लहान मुलांचा नमुना द्यावा का?

बालपणी सुरू होणाऱ्या किंवा बालपणीच टाळता येणाऱ्या आजारासाठी असेल, तर जरूर विचार करा. मोठेपणी होणाऱ्या आणि आज काहीच करता न येणाऱ्या आजारासाठी तपासणी करून मुलाच्या वतीने ते 'जाणून घेणं' टाळावं, असं बहुतेक व्यावसायिक संघटना सांगतात. न जाणण्याचा हक्क त्या मुलाचाही आहे, आणि आईवडिलांनी तो परस्पर वापरून टाकू नये. मूल सज्ञान झाल्यावर त्याची स्वतःची संमती नव्याने घेतली जाईल का, हे आधी विचारून ठेवा.

विमा कंपनी किंवा नोकरी देणारा याचा गैरफायदा घेऊ शकतो का?

देशागणिक उत्तर बदलतं. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने आरोग्यविमा आणि नोकरी यांत जनुकीय माहितीवरून भेदभाव करायला बंदी आली, पण आयुर्विमा आणि अपंगत्व विमा त्यातून सुटले. कॅनडाने २०१७ मध्ये अधिक व्यापक कायदा केला आणि २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. आयुर्विमा घ्यायचा विचार असेल, तर चाचणीच्या आधी आपल्या देशातला नियम पाहा. भेदभावाच्या भीतीने माणसं उपयोगी चाचणीसुद्धा टाळतात, हे यातलं मोठं नुकसान.

माझ्या पेशींवर कंपनीने पैसे कमावले तर माझा वाटा?

बहुधा काहीच नाही. १९९० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने जॉन मूर यांच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. रक्ताच्या कर्करोगासाठी त्यांची प्लीहा काढली गेली. तिच्या पेशींतून डॉक्टरांनी पेशीवाण (प्रयोगशाळेत सतत वाढत राहणाऱ्या पेशी) तयार करून पेटंट घेतलं. न्यायालय म्हणालं, काढून टाकलेल्या पेशींवर मूर यांची मालकी नाही, पण आपला आर्थिक हितसंबंध डॉक्टरांनी आधी सांगायला हवा होता.

मला यापेक्षा कॅनाव्हान आजाराची हकिकत जास्त बोचते. या आजारात मुलं फार लहान वयात जातात. त्यांच्या आईवडिलांनी मुलांच्या पेशी दिल्या, पैसे उभे केले, दुसरी कुटुंबं शोधून आणली. जनुक सापडलं. मग संशोधन करणाऱ्या रुग्णालयाने १९९७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि चाचणीवर शुल्क लावलं. ज्यांच्या मुलांमुळे चाचणी शक्य झाली, त्यांनाच ती महाग झाली. प्रकरण न्यायालयात गेलं आणि शेवटी तडजोडीने मिटलं. याउलट पीएक्सई या त्वचा आणि डोळ्यांच्या आनुवंशिक आजारात पालकांनी आधीच स्वतःची संस्था काढली, नमुन्यांचा साठा आपल्या हाती ठेवला आणि जनुकाच्या पेटंटमध्ये संस्थेचं नाव घालून घेतलं. कुटुंबं आधीपासून संघटित असली की काय होऊ शकतं, ते यात दिसतं.

निसर्गात जसा आहे तसा डीएनए फक्त वेगळा काढला म्हणून पेटंट मिळत नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मिरियड जेनेटिक्स या कंपनीच्या बीआरसीए पेटंटबाबत दिला. प्रयोगशाळेत तयार केलेल्या डीएनएला मात्र ते मिळू शकतं.

घरी लाळ भरून पाठवायच्या किटबद्दल काय?

तिथे तुम्ही आधी ग्राहक असता. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीत चोरांनी पुन्हापुन्हा वापरलेल्या पासवर्डच्या जोरावर सुमारे १४ हजार खाती उघडली, आणि 'नातेवाईक शोधा' या सोयीतून जवळपास ६९ लाख लोकांच्या माहितीपर्यंत ते पोहोचले. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, आणि दीड कोटी लोकांची जनुकीय माहिती विक्रीला निघालेल्या मालमत्तेचा भाग झाली. ती शेवटी संस्थापिकेच्याच ना-नफा संस्थेकडे गेली. पण किट घेताना "कंपनी बुडाली तर?" असा विचार किती जणांनी केला असेल?

सगळ्या समाजांचे जीनोम गोळा करण्याचा आग्रह कशासाठी?

२०१६ च्या एका आढाव्यानुसार, जनुक आणि आजार यांचा संबंध शोधणाऱ्या अभ्यासांतले सुमारे ८१ टक्के नमुने युरोपीय वंशाच्या लोकांचे होते. २००९ मध्ये हे प्रमाण ९६ टक्के होतं. याचा परिणाम थेट रुग्णावर होतो. हृदयाचे स्नायू जाड होण्याच्या एका आजारात, काही कृष्णवर्णीय रुग्णांना 'घातक' म्हणून सांगितलेले जनुकीय बदल प्रत्यक्षात निरुपद्रवी होते. तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी लोकांत कृष्णवर्णीय पुरेसे नव्हते, म्हणून तिथे सर्रास आढळणारा बदल दुर्मिळ आणि धोक्याचा वाटला.

उलट बाजूही आहे. २००५ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस शहरातल्या अभ्यासात काही आफ्रिकी-अमेरिकी लोकांत पीसीएसके९ हे जनुक बंद पडलेलं दिसलं. त्यांचं कोलेस्टेरॉल कमी होतं आणि पुढे हृदयविकारही फार कमी आढळला. यातून मिळालेल्या दिशेने दहा वर्षांत औषधं आली आणि ती जगभरच्या रुग्णांना उपयोगी पडली. फक्त ज्यांच्याकडून नमुने घेतले, त्यांच्यापर्यंत ती पोहोचतात का, हे विचारायला हवं.

आमच्या समाजाकडे संशोधक आले आहेत. काय विचारावं?

दक्षिण आफ्रिकेतल्या सान या आदिवासी लोकांनी २०१७ मध्ये स्वतःची आचारसंहिताच जाहीर केली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी आणि योग्य प्रक्रिया, एवढ्याच अटी. त्यातली मला सर्वांत पटलेली मागणी अशी : प्रकाशित करण्याआधी आम्हाला दाखवा. तुम्हीही ती मागा. नमुने देशाबाहेर जाणार का, निष्कर्षात समाजाचं नाव येणार का, आणि अभ्यासानंतर गावात परत कोण येणार, हेही विचारा.

जन्माआधी जनुकं बदलण्याबद्दल?

२०१८ मध्ये 'हे जियानकुई' नावाच्या शास्त्रज्ञाने चीनमध्ये भ्रूणांत जनुक-संपादन करून जुळ्या मुली जन्माला घातल्याचं जाहीर केलं. हेतू एचआयव्हीपासून संरक्षणाचा सांगितला, पण त्यासाठी सोपे आणि सुरक्षित मार्ग आधीच उपलब्ध होते. त्यांना ३ वर्षांची कैद झाली. त्या मुलींना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना कुणी विचारलं नव्हतं, विचारताही आलं नसतं. आज तरी याला माझा विरोध आहे.

मी गेल्यानंतर माझ्या नमुन्याचं काय?

हेन्रिएटा लॅक्स १९५१ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेल्या तेव्हा ३१ वर्षांच्या होत्या. उपचारादरम्यान, त्यांना न विचारता घेतलेल्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. घरच्यांना हे वीसेक वर्षांनी कळलं. २०१३ मध्ये त्या पेशींचा पूर्ण जीनोम इंटरनेटवर प्रसिद्ध झाला, तोही कुटुंबाला न विचारता. म्हणजे नातवंडांबद्दलचे अंदाज बांधायची सोय झाली. घरच्यांनी हरकत घेतल्यावर तो काढून घेतला गेला, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने त्यांच्याशी करार केला. तो जीनोम वापरायचा असेल, तर आता समितीकडे अर्ज करावा लागतो, आणि त्या समितीत लॅक्स कुटुंबातले दोघे बसतात.

तुमच्या संमतिपत्रात मृत्यूनंतरचा रकाना आहे का, ते पाहा. नसेल तर मागा, आणि तुमच्या पश्चात कुणाला विचारायचं, त्या माणसाचं नाव त्याला सांगून तिथे लिहा.